घंगाळाची टाकी

माणसाला स्वतःचा चेहरा किती आवडतो, हे मला निकेलच्या धंद्यानं शिकवलं. माझ्या दुकानात कुणीही येवो, सायकलचं हँडल घेऊन येवो की इस्पितळातल्या चिमट्यांची पेटी घेऊन, काम झालेली वस्तू हातात पडली की तो आधी तिच्यात स्वतःला बघायचा. टोपी सरळ करायचा, मिशीवरून बोट फिरवायचा आणि मग काम कसं झालंय ते पाहायचा. बायका पदरानं पुसल्याचं निमित्त करून बघायच्या, एवढाच फरक. चेहरा स्वच्छ दिसला की काम पास. इतकी सोपी परीक्षा दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असं मला वाटत नाही.

आमच्या घराण्यात आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कोर्टात कारकून. मी शिकलोही बरा होतो, पण कुठं बुद्धी फिरली कोण जाणे, नगरला स्टेशन रोडच्या आतल्या बाजूला एक पत्र्याची शेड घेऊन तेजाबाच्या हौदापाशी उभा राहिलो. लग्नकार्यात कुणी विचारलं, की वडील खालच्या आवाजात सांगत, तो पाणी चढवतो. एक मावशी बरीच वर्षं समजत होती की मी नगरपालिकेच्या टाकीवर कामाला आहे, आणि तिच्याकडचा नळ गेला की माझ्या नावानं बोटं मोडायची. मीही तिचा गैरसमज दूर केला नाही. निदान सरकारी नोकरी तरी वाटत होती.

तर हे पाणी चढवणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. लोखंडाची किंवा पितळेची वस्तू आली की ती आधी बफच्या चाकावर धरायची. हे चाक कापडाचं, त्याला मसाला लावलेला, आणि ते इतकं जोरात फिरतं की वस्तूवरचे सगळे ओरखडे, खड्डे, डाग खाऊन टाकतं. मग वस्तू चुन्यानं घासून धुवायची. धुतल्यावर तिच्यावर पाणी ओतून बघायचं. पाणी सगळीकडे एकसारखं पसरलं तर वस्तू स्वच्छ. कुठं पाणी फाटलं, म्हणजे थेंबाथेंबानं मागे सरलं, तर तिथं तेलकट हात लागलाय असं समजायचं आणि पुन्हा घासायचं. मग तेजाबात एक बुडी, साध्या पाण्यात एक, आणि शेवटी तांब्याच्या तारेला टांगून निकेलच्या हौदात सोडायचं. विजेचा प्रवाह सुरू केला की हौदात टांगलेल्या निकेलच्या पट्ट्या कणाकणानं झिजतात आणि ते कण पाण्यातून चालत येऊन आपल्या वस्तूवर बसतात. ते येताना दिसत नाहीत. मी कितीतरी दुपारी हौदाच्या काठावर बसून ते दिसतात का म्हणून बघत बसलोय.

हौदातलं पाणी हिरवंगार असतं. शेडच्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाचे कवडसे त्यात उतरायचे, डायनॅमोची एकसुरी घरघर चालू असायची, आणि दुपारी दोनच्या सुमाराला मला आपण तळ्याकाठी बसलोय असं वाटायला लागायचं. वाफेनं डोळे चुरचुरायचे, नखं हिरवी झालेली, बोटांच्या बेचक्यात निकेलची खाज सुटलेली, तरी तसं वाटायचं. बहात्तरच्या दुष्काळात तर सगळ्या मुलखात हिरवं म्हणून माझ्या हौदातलं पाणीच तेवढं उरलं होतं. बाजाराला आलेली खेड्यातली माणसं दारात थांबून ते बघत राहायची. पिता येत नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुन्याची. संगमनेरहून एक बँडमास्तर आला होता, त्याचा पितळी कर्णा त्यानं हौसेनं निकेल करून घेतला. चार दिवसांनी परत आला आणि म्हणाला, माझा आवाज काढून घेतला तुम्ही. मी हसलो, तर त्यानं दुकानातच वाजवून दाखवलं. मला काही कळलं नाही, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी मुकाट्यानं निकेल उतरवून दिलं. एका तालमीतल्या वस्तादानं गदा चकचकीत करून नेली आणि मग ती ओल्या हातातून निसटते म्हणून मूठ तेवढी पुन्हा खरबरीत करून मागितली. अशा गोष्टी खूप आहेत. पण मला स्वप्नात अजूनही जी येते ती एक पेट्रोलची टाकी आहे.

ती घेऊन आला बापूराव. हा सोनईचा, ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री. अंगानं दांडगा, बोलणं कमी, आणि रागात असला की अजून कमी. भिंगारला लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानाचा लिलाव व्हायचा, तिथून त्यानं एक जुनी फटफटी उचलली होती. इंजिन त्यानं स्वतः खोलून जिवंत केलं, पण टाकी तळापासून सडलेली. नवी कुठं मिळेना. तेव्हा यानं काय करावं, तर घरातलं तांब्याचं घंगाळ उचललं आणि आमच्या नगरच्या तांबटाकडे नेऊन टाकलं. आंघोळीचं पाणी काढायचं ते मोठं, जाड पत्र्याचं, दोन कड्यांचं घंगाळ. तांबटानं ते उकललं, ठोकून ठोकून त्याला टाकीचा आकार दिला, पितळ वितळवून डाग देऊन जोड बसवले आणि आतून कल्हई केली. माझ्या टेबलावर ती टाकी ठेवली तेव्हा मी बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिलो. हातोडीचे बारीक ठोके सगळीकडे उठलेले, आणि रंग पिकल्या डाळिंबाचा. जोड कुठं आहे ते बोटाला लागत नव्हतं.

टाकीच्या माथ्यावर मात्र अक्षरं होती. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालतात, तशी टिंबाटिंबांनी ठोकलेली. चि. सौ. कां. मंजुळा हीस बंधू बापूराव यांजकडून सप्रेम भेट. तांबटानं पत्रा कापताना ती ओळ नेमकी माथ्यावर, बसणाऱ्याच्या समोर येईल अशी राखली होती. बापूरावानं त्याला तसं बजावून सांगितलं होतं.

माझ्या भिंतीवर एक फळी होती, तिच्यावर नमुन्याचे तुकडे ठोकलेले. साधं तांबं, पितळ, निकेल, क्रोम, आणि एक काळं केलेलं. गिऱ्हाईक फळीवर बोट ठेवायचं आणि आम्ही तसं करून द्यायचो. बापूरावानं न बघताच क्रोमवर बोट ठेवलं. लांबून चमकलं पाहिजे, म्हणाला. आणि अक्षरं त्याच्याहून जास्त चमकली पाहिजेत.

मी त्याला समजावलं, की असं होत नाही. क्रोम आरशासारखं हवं तर खालचं तांबं आधी आरशासारखं करावं लागतं. बफचं चाक ठोक्यांच्या खुणा खाणार, तशी अक्षरंही खाणार. अक्षरं राखून बाकीचं घासलं तर मधे ठिगळ लावल्यासारखं दिसेल. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. मग मी सहज विचारलं, की बहिणीचं लग्नातलं घंगाळ मोडलंत, तिला चाललं का.

त्यावर तो जे बोलला ते मला त्याच्या आवाजासकट आठवतं. "माज्या हातानं दिल्यालं घंगाळ हाय मालक. तिला मूल न्हाई म्हून त्येंनी दुसरी केली. तिला धाडली ती धाडली, मागनं भांडी बैलगाडीत घालून दिवसाढवळ्या धाडली. समद्या सोनईनं बघितलं. आता मी ह्या गाडीवर मिरजगावला जानार, बाजाराच्या दिशी. त्येंच्या गल्लीनं बी बघू द्या ह्यो आहेर."

मिरजगाव म्हणजे मंजुळेचं सासर. सोनईहून तिकडे जायचं तर अर्धा जिल्हा ओलांडावा लागतो. या माणसानं मोडीतलं इंजिन जिवंत केलं, घंगाळाची टाकी ठोकून घेतली, ती एवढ्यासाठी. मला त्याचा रागही आला नाही आणि हसूही आलं नाही. जमेल तसं करतो म्हणालो, आणि त्यानं पुढच्या बाजारच्या दिवशी येतो म्हणून सांगितलं.

टाकी माझ्याकडे राहिली. ती तशीच टेबलावर होती, बफवर द्यायला हात धजेना. आमच्याकडे बफवर गफूरभाई असायचे. चाळीस वर्षं चाकापुढे बसून त्यांच्या भुवयांत मसाल्याची लाल पूड कायमची बसली होती. त्यांना खडबडीत वस्तू डोळ्यांसमोर सहन व्हायची नाही. ते दर तासाला विचारायचे, मालक, तांबा घासू का, आणि मी दर तासाला नंतर म्हणायचो. दुपारी कवडसा सरकत सरकत टाकीवर यायचा तेव्हा ती अक्षरं एकेक करून पेटल्यासारखी व्हायची आणि कवडसा पुढे गेला की विझायची. मी ते बघत बसायचो. धंद्याच्या दृष्टीनं हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

एके दिवशी दुपारी एक बाई दारात उभी राहिली. पंचविशीची, उन्हानं रापलेली, हातात काळी छत्री आणि खांद्याला कापडी पिशवी. सोनईच्या बापूराव मिस्त्रीची टाकी इथंच आहे का, तिनं विचारलं. ही मंजुळा.

मी स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं. ती पाणी प्यायली, उरलेले दोन घोट हातावर घेऊन बोटं पुसली आणि मगच टाकीपाशी गेली. अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं, आंधळा माणूस चेहऱ्यावरून फिरवतो तसं, सावकाश, शेवटपर्यंत. मग मला म्हणाली की हे घंगाळ परत आलं तेव्हा तिनं ते माळ्यावर पालथं घालून ठेवलं होतं, ओळ भिंतीकडे करून.

हळूहळू तिनं सगळं सांगितलं. सासरहून आल्यावर तिनं सातवीची फायनल परीक्षा पुरी केली होती आणि प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली होती. शाळा सोनईतच, घरापासून हाकेच्या अंतरावर. पण आता बदली निघाली. नेवाशाच्या पुढे आडबाजूला एका पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं, तिथं खडी फोडणाऱ्यांची पोरं उन्हात हिंडत होती, म्हणून त्या वस्तीवर एकशिक्षकी शाळा काढली होती. तिथं एस.टी. जात नाही. राहायला खोली नाही. ती सकाळी इथल्या शिक्षणाच्या कचेरीत बदली रद्द करा म्हणून सांगायला गेली होती, तर महिन्याच्या आत हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या, असं सांगून तिला वाटेला लावलं होतं. घरी आई म्हणत होती सोड नोकरी. भाऊ म्हणत होता, सोड, मी आहे ना. भावाची फटफटी होणार होती, पण भाऊ दिवसभर इंजिनांमागे हिंडणार, तो रोज तिला कुठून पोचवणार.

"दादा मला जन्मभर पोसंल," ती म्हणाली. "पर मग मी त्येच्या घरातलं घंगाळच की हो. माळ्यावर पालथं."

मी आपला धंद्यावर आलो आणि तिला फळी दाखवली. कशात काय होतं, अक्षरं कशात राहतील, कशात जातील, जे बापूरावाला सांगितलं तेच हिला सांगितलं. तिनं मात्र नीट ऐकलं. क्रोमचा तुकडा फळीवरून काढून मागितला. तो घेऊन ती बाहेर उन्हात गेली, दगडावर बसली, तुकडा मांडीपुढे धरला आणि रस्त्याकडे बघू लागली. मला कळेना ही काय करते आहे. थोड्या वेळानं डोळे पुसत आत आली.

"ह्येच्यामागं बसून चालवायची म्हंजी डोळे मिटूनच चालवावी लागंल," ती म्हणाली.

इतकी वर्षं मी टाक्या क्रोम करत होतो. टाकी बघणाऱ्याला कशी दिसते याचाच सगळे विचार करायचे. तिच्यामागे बसणाऱ्याला ती कशी दिसते, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला तेव्हाही वाटलं नाही की ही स्वतःच्या डोळ्यांबद्दल बोलते आहे. भावाची काळजी असेल, असंच मी धरून चाललो.

तेवढ्यात हौदातून सायकलींच्या सामानाची एक माळ बाहेर काढायची वेळ झाली होती. मी ती काढली आणि पाण्यात बुडवून दांडीला लावली. निकेल हौदातून निघतं तेव्हा चमकत नसतं. ते मऊ पांढरं असतं, थोडी पिवळसर झाक असलेलं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. उजेड त्यावर पडतो पण उसळत नाही, तिथंच बसून राहतो. मला स्वतःला निकेलचं तेच रूप सगळ्यांत आवडायचं, पण ते मी कुणाला बोललो नव्हतो, कारण धंद्यात त्याला कच्चा माल म्हणतात. ते बफवर गेलं की त्याचा आरसा होतो आणि मगच ते दुकानाबाहेर पडतं.

मंजुळा त्या माळेजवळ गेली. हे काय, म्हणाली. मी सांगितलं, अजून अर्धवट आहे, घासायचंय. तिनं अगदी जवळ तोंड नेऊन पाहिलं.

"ह्यात कुनाचं तोंड दिसत न्हाई," ती म्हणाली. "ह्येच द्या मला."

गफूरभाईंनी चाक थांबवलं. असा माल दुकानातून गेला तर लोक काय म्हणतील, हे त्यांनी तिला त्यांच्या हिंदी-मराठीत बराच वेळ सांगितलं. ती फक्त म्हणाली, की घासल्यावर पुन्हा धुवावं लागतं ना. मी म्हणालो, हो, आणि क्रोमनंतर आणखी दोनदा. ती म्हणाली, की खडीवरच्या बाया डोक्यावर हंडा घेऊन टँकरमागे पळतात, तेवढं पाणी वाचू द्या. यावर गफूरभाई पुन्हा चाकाकडे वळले. त्या वर्षी पाण्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं.

आता उरली अक्षरं. मला वाटलं ही सगळी ओळ पुसायला सांगणार. तशी तयारीही मी मनात केली होती, पत्रा किती पातळ होईल, कुठं डाग द्यावा लागेल. तिनं बोट सुरुवातीला ठेवलं, चि. सौ. कां. वर. एवढं काढा, म्हणाली.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं खरं हाय. राहू द्या."

मी तिला म्हटलं, की काम बापूरावानं दिलंय, त्याला न विचारता मी कसं करू. तिनं मला ओळ वाचायला सांगितली. मी वाचली, मंजुळा हीस बंधू बापूराव यांजकडून सप्रेम भेट. मोठ्यानं वाचा, म्हणाली. मी शाळेतल्या पोरासारखी मोठ्यानं वाचली. मग तिनं विचारलं, टाकी कुणाची. मी म्हणालो, तुमची. शाळेत बाई म्हणून ती उत्तम शिकवत असणार.

पुढची दुपार मी चि. सौ. कां. काढण्यात घालवली. बफ नाही, हातानंच. आधी बारीक कानस, मग ओला दगड, मग कोळशाची पूड. अक्षर भांड्यावर ठोकायला क्षणभर लागतो, काढायला मात्र जीव जातो. टिंबं खोल होती. एकेक टिंब उथळ होत गेलं, आधी टिंबाची सावली राहिली, मग तीही गेली. तिथं पत्र्याला बोटाच्या पेराएवढी सौम्य खळगी पडली, ती मी तशीच ठेवली. मग टाकी धुतली, पाणी ओतून बघितलं, कुठंही फाटलं नाही, आणि ती तारेला बांधून हळूच त्या हिरव्या पाण्यात सोडली. तांबडी टाकी बुडत गेली तशी काळसर दिसायला लागली आणि मग दिसेनाशी झाली. संध्याकाळी काढली तेव्हा ती पहाटेच्या आभाळाच्या रंगाची झाली होती, आणि तिच्यावर एक मोकळी जागा सोडून मंजुळा असं नाव उमटलेलं होतं. गफूरभाईंनी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली. शेवटी ते म्हणाले, कच्चा है, लेकिन अच्छा है.

बाजारच्या दिवशी बापूराव आला, आणि त्याच्यासोबत मंजुळाही. तो टाकी नसलेली फटफटी टेम्पोत घालून घेऊनच आला होता, इथंच टाकी बसवून थेट मिरजगावचा रस्ता धरायचा म्हणून. टाकी पाहिल्यावर त्याचा चेहरा उतरला. ही चमकत का नाही, त्यानं विचारलं. मग ओळ वाचली, आणि सुरुवात गायब झालेली पाहून माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी एक पाऊल मागे सरकलो. मागे तेजाबाचा हौद होता, म्हणून एकच.

"म्या सांगितलं त्येंला," मंजुळा म्हणाली.

तो तिच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, की आता हे घेऊन मिरजगावला जाऊन काय दाखवू, सौभाग्यच काढून टाकलंस तर त्यांनी काय केलं ते कळणार कसं. त्याचा आवाज फाटला होता. एवढा दांडगा माणूस, हातात पाना धरून, त्या पांढऱ्या टाकीपुढे उभा होता आणि त्याला रडू आवरत नव्हतं. तिची झालेली शोभा तो त्या दिवसापासून उरात घेऊन हिंडत होता, हे मला तेव्हा नीट दिसलं.

मंजुळेनं टाकी उचलली. चांगली जड होती, तिनं ती लेकरासारखी कडेवर घेतली.

"दादा, गाडी तुजी हाय," ती म्हणाली. "तू ने तिला मिरजगावला. टाकी माजी हाय, तिच्यावर लिवलंय. ती मी यष्टीनं घरी नेते."

बापूराव तिच्याकडे बघत राहिला, मग गाडीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. टाकीशिवाय गाडी म्हणजे लोखंड, हे मिस्त्रीला कुणी सांगायला नको. तो हळूच खाली बसला, एका पालथ्या बादलीवर. मग त्यानं विचारलं, म्हणजे तुझं म्हणणं काय.

"माजं म्हननं, मला शिकव."

तिच्या उन्हात बसून डोळे पुसण्याचा अर्थ मला त्या क्षणी लागला. गफूरभाईंना तो आधीच लागला असावा, कारण ते मान खाली घालून हसत होते.

बापूरावानं टाकी तिच्या कडेवरून घेतली. गाडीवर ठेवली, नळी जोडली, पेच आवळले. मग एकदा पेचावरून हात मागे घेऊन त्या खळगीवर अंगठा ठेवला आणि तसाच थोडा वेळ थांबला. बरोबरच्या डब्यातलं पेट्रोल ओतून, गाडी सुरू करून त्यानं सोनईचा रस्ता धरला, मिरजगावचा नाही. मंजुळा मागे बसली होती, छत्री मिटलेली. उन्हात ती टाकी चमकली नाही. लांब जाईपर्यंत ती एक पांढरा ठिपका म्हणून दिसत राहिली.

पुढे कानावर यायचं, की कोरड्या नदीच्या वाळूत मिस्त्रीची बहीण फटफटी शिकते. कुणी म्हणायचं पडली, कुणी म्हणायचं गाडीनं तिला पाडलं, कुणी म्हणायचं गावाची लाज गेली. नऊवारी कासोटा घालून ती किक मारते, असंही कुणी सांगितलं. मी ऐकायचो आणि हौदाकडे बघत बसायचो. ती महिन्याच्या आत हजर झाली की नाही हे मला कळलं नव्हतं आणि विचारायलाही धीर होत नव्हता.

पावसाळा येऊन गेला. शेडबाहेरचं गवत वाढून पिवळं पडलं, आणि माझ्या हौदाचा हिरवा रंग पुन्हा साधा वाटू लागला. दिवाळीच्या आधी, चकचकीत करून घेणाऱ्यांची गर्दी असताना, दारात फटफटी थांबली. चालवणारी मंजुळा. मागे बापूराव, मांडीवर पान्यांची पेटी घेऊन, अंग चोरून बसलेला, नव्या नवरीसारखा. शाळेला जाताना वाटेतल्या इंजिनावर ती त्याला सोडते आणि परत येताना उचलते, असं त्यानंच सांगितलं, तक्रारीच्या सुरात, पण तोंडभरून.

टाकीच्या जोडाला थोडा ओलावा येत होता म्हणून ते आले होते. मी टाकी काढून बघितली. दोन्ही बाजूंना, जिथं गुडघे लागतात तिथं, निकेल पार झिजून गेलं होतं आणि खालचं तांबं लाल, गुळगुळीत, उघडं पडलं होतं. धंद्यात निकेल इतकं उडालेलं दिसलं की मान खाली घालायची पाळी येते. मला आयुष्यात ते एकदाच बघून आनंद झाला. रोज जाऊन येऊन, महिनोन् महिने, लुगड्याच्या सुती कापडानं ते घासलं गेलं होतं. मी पुन्हा चढवून देतो म्हणालो. नको, ती म्हणाली, बसायची जागा सापडते त्यानं.

आता ती शेड नाही, गफूरभाई नाहीत, नमुन्याची फळी माझ्या घरात भिंतीला टेकून उभी आहे. भांड्यावर नावं यंत्रानं घालतात आणि ती टिकत नाहीत. एका गोष्टीची मात्र रुखरुख राहिली, ती टाकी मी पुन्हा कधी पाहिली नाही. दुपारी डोळा लागला की ती हिरव्या पाण्यातून वर येताना दिसते, आणि दर वेळी मला वाटतं की या खेपेला ते कण येऊन बसताना दिसतील.

दिवाळीआधीच्या त्या दिवशी जोडाला डाग देऊन झाला, मंजुळा गाडीवर बसली, पदर खोचला. मला राहवलं नाही. मी विचारलं, गाडी कधी मिरजगावला गेली का. बापूराव दुसरीकडे बघू लागला. मंजुळेनं किक मारली, इंजिन धरेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "तिकडं कुटं हाय माजी शाळा?"